मग आज्जी कुठं गेली?

२०१३ सालचा जानेवारी. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. म्हसवडला चारा छावणी लागली होती, आमच्या वस्तीवर एक दिवसाआड टँकर यायचा आणि ते पाणी थेट विहिरीत ओतलं जायचं. टँकरचा भोंगा ऐकला की बायका घागरी आणि दोर घेऊन पळत सुटायच्या. शाळेतून ते सगळं दिसायचं.

त्या आठवड्यात तिसरीच्या वर्गाला मी 'पाणी भरणाऱ्या स्त्रिया' हा विषय दिला होता. एका मुलीनं कागदाच्या मधोमध भाकरीएवढा मोठा गोल काढून तो निळा केला आणि गोलाच्या चहूबाजूंनी बायका उभ्या केल्या. वरच्या बायका सरळ, खालच्या डोक्यावर उलट्या, डावी-उजवीकडच्या चक्क आडव्या. सगळ्यांचे पाय विहिरीच्या कडेला टेकलेले आणि प्रत्येकीच्या हातातून एक दोर गोलाच्या मध्यापर्यंत गेलेला. बैलगाडीच्या चाकाला आरे असतात तसे ते दोर दिसत होते.

मी तिच्या शेजारी बसले. "अगं, ह्या बायका आडव्या का पडल्यात?" असं म्हणून तिच्याच कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'बरोबर' विहीर काढून दाखवली. लंबगोल तोंड, पुढचा कठडा, त्याला टेकून उभ्या तीन बायका, सगळ्या सरळ. तिनं नीट पाहिलं. मग कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "मग आज्जी कुठं गेली?"

तिची आजी विहिरीच्या पलीकडच्या कडेला होती. माझ्या चित्रात ती पुढच्या बायकांच्या आड गेली होती. मी म्हटलं, "ती मागं आहे, म्हणून दिसत नाही." मुलीनं मान हलवली आणि रबर घेऊन आपल्या बायका खोडायला लागली. मी तिला थांबवलं नाही. मला वाटलं, शिकली.

त्यानंतर वर्षभर ती मुलगी फळ्यावरचं बघूनच चित्र काढत राहिली.

आज चोवीस वर्षांची नोकरी झाल्यावर हे लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात एका नव्या शिक्षिकेनं मला विचारलं, "बाई, चित्रकलेच्या तासाला मुलांना नेमकं शिकवायचं काय?" तिला फोनवर जे सांगता आलं नाही ते इथे सांगते.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत वेगळा कलाशिक्षक नसतो. गणित, भाषा, परिसर शिकवणारी बाईच चित्र, माती आणि गाणंही शिकवते. मला तर चित्रकलेची आवड होती, म्हणून मी स्वतःला या कामाला लायक समजत होते. हायस्कुलात असताना एलिमेंटरी दिली, मग इंटरमिजिएट दिली, त्यात 'अ' श्रेणी मिळाली. ज्यांनी या परीक्षा दिल्या आहेत त्यांना ते विषय तोंडपाठ असतील : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. सुट्टीतल्या जादा तासांना आम्ही किती तांबे, किती बादल्या, किती कपबश्या काढल्या असतील! तांब्याचं तोंड असतं गोल, पण समोर बसून पाहिलं की दिसतं लंबगोल. तो लंबगोल जमला की वस्तुचित्र जमलं, असं आमचे सर म्हणायचे. माझा लंबगोल फार छान यायचा.

ही शिकवण वाईट नाही, हे मी मनापासून सांगते. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली तेव्हा समोरची वस्तू हुबेहूब कागदावर उतरवणं हा तिथल्या शिक्षणाचा पाया होता आणि त्याच वळणावर आपल्या शाळांमधली चित्रकला पुढे वाढली. नजर आणि हात यांची जोड त्यातून बसते. पण एका जागी बसून, एका डोळ्यानं पाहिलेलं जग हे जग बघण्याच्या अनेक रीतींपैकी एक आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आठ वर्षांच्या मुलाला ती रीत अजून आलेलीच नसते. त्याला जे माहीत आहे ते तो काढतो, आणि विहीर गोल आहे हे त्याला माहीत असतं. बायका चारी बाजूंनी उभ्या होत्या, प्रत्येकीचे पाय कठड्याशी होते आणि प्रत्येकीचा दोर पाण्यात होता, हेही माहीत असतं. त्या मुलीनं हे सगळं एका कागदावर आणलं होतं. टँकर ओतल्यावरची विहीर तशीच असते! तिच्या चित्रात एकही बाई कुणाच्या आड गेली नव्हती. माझ्या चित्रात सतराजणींच्या तीन झाल्या.

हे मला उमजलं ते दोन वर्षांनी, डहाणूकडे. माझी डी.एड.ची मैत्रीण तिकडे शिक्षिका आहे. तिच्या शाळेतल्या एका वारली मुलाच्या घरी लग्न होतं म्हणून तिनं मलाही नेलं. कुडाच्या भिंतीवर गेरू सारवलेला, त्यावर तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं सवाशिणींनी लग्नचौक लिहिलेला. तिथे चौक 'लिहितात'. आत पालघाट, त्यांची लग्नाची देवी. मी किती तरी वेळ त्या भिंतीसमोर उभी होते. मग मैत्रिणीच्या शाळेत जिव्या सोमा मशे यांच्या चित्राचं एक छापील पान पाहिलं, तारपा नाचाचं. मधे तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती माणसांची साखळी गोल गोल फिरत गेलेली आणि चित्राच्या खालच्या अंगाला आलेली माणसं डोकं खाली करून नाचणारी. गंजाडच्या या चित्रकाराला २०११ साली पद्मश्री मिळाली. आणि मी माझ्या वर्गातल्या मुलीला नेमक्या याच गोष्टीसाठी खोडायला लावलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी सोडल्या. मुलांच्या कागदावर हात लावणं सोडलं. काही दाखवायचंच असेल तर माझ्या कागदावर दाखवते. फळ्यावर चित्र काढून 'बघून काढा' म्हणणं सोडलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली निळी नदी, काठावर नारळाचं झाड, हे चित्र तुम्ही प्रत्येक शाळेत पाहिलं असेल. आमच्या मुलांनी नारळाचं झाड बघितलेलं नसतं. आमची माणगंगा वर्षातले कित्येक महिने वाळूचीच असते. तरी ते चित्र पहिलीपासून पाचवीपर्यंत येतं, कारण ते आपणच फळ्यावरून त्यांना दिलेलं असतं. पहिली-दुसरीला रबरही देत नाही. चुकली रेघ तर तिचं काहीतरी होतं, सापाचं वा दोरीचं वा वाऱ्याचं.

आणि 'हे काय काढलंस?' असं विचारत नाही. या प्रश्नानं मूल घाबरतं. त्याला वाटतं, बाईंना ओळखू आलं नाही म्हणजे आपलं चुकलं. मी म्हणते, "सांग की, काय चाललंय इथं?" मग मूल बोलायला लागतं आणि चित्रात नसलेल्या गोष्टीही सांगतं. कित्येकदा मग तीच गोष्ट काढायला परत जाऊन बसतं.

आता मातीचं सांगते, कारण माझा सगळ्यात आवडता पाठ तोच आहे.

बेंदूर आला की आमच्याकडे घरोघरी मातीचे बैल पुजतात. पूर्वी पोरंच करायची, आता बाजारातून रंगवलेले आणतात. मी शाळा सुरू झाली की पहिल्याच पंधरवड्यात माती आणवते. तलावाच्या कडेची चिकण माती. ती दगड-काड्या काढून, भिजवून, तुडवून ओल्या गोणपाटात रात्रभर मुरवत ठेवायची. तुडवायचं काम पोरांचं, त्यासाठी रांग लागते. दुसऱ्या दिवशी बैल.

पहिल्या वर्षी मी काहीच सांगितलं नाही. चौदा मुलं होती, चौदा बैल झाले. अंग गोळ्यासारखं, पाय काडीसारखे, शिंगं लांबच लांब. ते ओसरीवर वाळत ठेवले. सकाळी येऊन बघतो तर अकरा बैल बसलेले. पाय मोडून पोटावर. दोघांची शिंगं गळाली होती आणि बहुतेकांच्या अंगावर भेगा. एक मुलगा रडायला लागला. मलाही क्षणभर वाटलं, आधीच सांगायला हवं होतं.

मग आम्ही सगळे त्या बैलांभोवती गोल करून बसलो. उभे राहिलेले तीन का उभे राहिले? एकाचे पाय आखूड आणि जाड होते. दुसऱ्यानं पुढचे दोन्ही पाय चिकटवून एकच भिंतीसारखा खांब केला होता. तिसऱ्यानं पाय वेगळे करून जोडलेच नव्हते, गोळ्यातूनच चिमटीनं ओढून काढले होते. मुलं हात लावून बघत होती. एकजण म्हणाली, "जोडल्याला मोडतो, वढल्याला ऱ्हातो." मी ते फळ्यावर लिहिलं आणि महिनाभर पुसलं नाही.

भेगांचं उत्तर वर्गात मिळालं नाही. ते घेऊन आम्ही गावातल्या कुंभारआबांकडे गेलो. ते म्हणाले, माती वाळली की आकसते, चिकण मातीच जास्त आकसते, म्हणून तिच्यात चाळलेली राख नाहीतर बारीक रेती घालायची आणि वाळवायची सावलीत, उन्हात नाही. मुलांनी त्यांच्या अंगणातले बैल उलटे करून पाय बघितले. आबांच्या बैलांचे पायही आखूडच होते! परत येताना चौदाजण एवढे गंभीर चेहरे करून चालत होते की वाटेतल्या लोकांनी विचारलं, काय झालं म्हणून.

दुसऱ्या खेपेला एक बैल बसवलेलाच केला होता, म्हणजे पायाचा प्रश्नच नको. एकानं शिंगांना बाभळीचे काटे लावले. ते इतके शोभले की दुसऱ्या दिवशी सगळ्या बैलांना काट्यांची शिंगं आली. एकाही बैलाचा पाय मोडला नाही. रंगाला गेरू आणि चुना, डोळ्याला ज्वारीचा दाणा.

लोक विचारतात, लहान मुलांना 'डिझाइन' काय कळणार. मी त्यांना हे बैल दाखवते.

रंगांसाठीही फार पैसे लागत नाहीत. बारा खडूंची पेटी पहिलीतलं मूल दोन आठवड्यांत संपवतं, त्यातही काळा आणि लाल आधी. मग कोळसा आहे, गेरू आहे, नीळ आहे. हळद पाण्यात कालवून कागदावर फासा आणि वर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका, पिवळ्याचं तांबडं होतं. त्याच्यावर लिंबू पिळलं की परत पिवळं. हा पाठ मी चाळीस वेळा तरी घेतला असेल, दर वेळी वर्गातून एकच आवाज उठतो. शिंदीच्या फोकाचं टोक दगडानं ठेचलं की ब्रश होतो. मैद्याची खळ शिजवली की डिंकाची बाटली लागत नाही.

सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या, म्हणजे हातकामातून शिकवणाऱ्या शाळेत देवीप्रसाद नावाचे कलाशिक्षक होते. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेले, १९४४ साली वर्ध्याकडे आले आणि खेड्यातल्या मुलांबरोबर अशाच हाताशी असलेल्या गोष्टींनी काम करत राहिले. स्वतः उत्तम कुंभारकाम करायचे. ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात हे झालं आहे. आमच्या डी.एड.ला मात्र त्यांचं नाव एकदाही आलं नाही, याची मला खंत वाटते.

संकल्पचित्र हा शब्द ऐकला की मला चौकोनात फुलं-पानं आणि चार कोपऱ्यांना तेच ते, एवढंच आठवायचं. आमच्या परीक्षेत तसंच असायचं. चौथीला ते कसं शिकवावं या विचारात असताना एका मुलाची आजी वाकळ शिवत बसलेली दिसली. मी तिला शाळेत बोलावलं. म्हातारी लाजली, "मी काय शिकिवणार बाई, मला सही येत न्हाय." पण आली. ओसरीवर आजोबांचं धोतर अंथरलं, त्यावर जुन्या लुगड्यांचे थर घातले, वर तुकडे मांडले आणि कडेपासून धावदोरा घालत घालत आत चालली. मुलं तिच्याभोवती पालथी पडून बघत होती.

प्रश्न मुलांनीच विचारले. हा एवढासाच तुकडा इथं का? "तितं फाटलं हुतं." तांबड्याशेजारी तांबडं का नाही? "मग दोन्ही दिसत न्हाईत." टाके एवढे जवळ का? "धुताना आतलं गोळा हुतं न्हायतर." तीन प्रश्न, तीन उत्तरं. रंगसंगतीवर मी तासभर बोलले असते तरी 'मग दोन्ही दिसत नाहीत' याच्याइतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कागदाच्या वाकळा. लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं, कापड दुकानांच्या कागदी पिशव्या आणि खळ. मी दोनच अटी घातल्या : रंग चारच घ्यायचे, आणि आधी सांगायचं की वाकळ कुणासाठी आहे. ही दुसरी अट मी सहज घातली होती, पण सगळा पाठ तिच्यावरच उभा राहिला. एकानं करडासाठी वाकळ केली, सगळी गडद तपकिरी आणि काळी. "त्ये मुततंय बाई, पांढरी केली तर दिसंल." एका मुलीच्या घरी तेव्हा भाऊ झाला होता. तिनं तीन बाजूंना तुकड्यांची दाटी केली आणि एक बाजू एकाच गुळगुळीत लग्नपत्रिकेची ठेवली. मला वाटलं, कागद संपले. तिला विचारलं तर म्हणाली, तिकडं बाळाचं तोंड येणार, तिथं शिवण टोचेल.

मी तिचं चित्र आजही जपून ठेवलं आहे. कागद पिवळा पडला आहे, पण ती एक बाजू अजून गुळगुळीत आहे.

हे सगळं सोपं नाही, तेही सांगते. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांचे तास वेळापत्रकात असतात. शाळा तपासायला कुणी येणार असलं किंवा शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की सगळ्यात आधी तेच जातात. एकदा एका अधिकाऱ्यांनी दोरीला टांगलेली मुलांची चित्रं पाहून मला सांगितलं, "ही काढून टाका, नीटनेटकी लावा. भिंती बोलक्या करा." मग पेंटर आला. भिंतीवर टीव्हीतली कार्टून आणि नारळाची झाडं आली. रंग चकचकीत होते, मुलांनाही आवडले, तीन दिवस. त्या भिंतीपुढे उभं राहून कुणी कुणाला काही सांगताना मी पाहिलं नाही. दोरीवरच्या चित्रांपुढे मात्र पालक थांबतात. शेतातून येता-जाता डोकावून विचारतात, यात आमचं कुठलं. मी ती दोरी काढली नाही, फक्त आतल्या खोलीत नेली.

आणि श्रेणी? वर्षाच्या शेवटी मला रकाने भरावे लागतात, भरते. पण चित्रावर कधीही लाल पेन लावत नाही. चित्राच्या मागे नाव, तारीख आणि मुलानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते. हे लिहायला वेळ लागतो. तीस मुलांचा वर्ग असेल तर एका तासात सहा-सात मुलांचंच होतं, बाकीच्यांचं पुढच्या तासाला. नव्या शिक्षिकेला मी हे एवढंच आधी करायला सांगेन. वर्षभरानंतर त्या पानांची मागची बाजू वाचायला घेतली की आपला वर्ग आपल्याला कळतो.

विहिरीवाली मुलगी आता वीस-एकवीस वर्षांची असेल. तिचं लग्न झालं, ती पंढरपूरकडे असते. मी तिची कधी माफी मागितली नाही. काय म्हणून मागायची, तिला आठवतही नसेल. पण त्या कागदावरच्या खोडलेल्या बायकांच्या पुसट खुणा मला अजून दिसतात.

यंदा जूनमध्ये दुसरीत एक मुलगा परत आला. धनगराचं पोर. दिवाळीनंतर मेंढरांबरोबर गेला होता, पाऊस पडायच्या बेताला परतला. अक्षरं बरीच विसरलाय. पहिल्या दिवशी त्याला कागद आणि कोळसा दिला. त्यानं घोडा काढला, कागदभर, पाठीवर बिऱ्हाड लादलेला. पोती आणि बोचकी काढली, पण ती बंद नव्हती. आतलं सगळं दिसत होतं. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "सांग की, काय चाललंय इथं?"

तो बोट ठेवत गेला. ही जर्मनची पातेली. हे पीठ. ही काठवट. ही माझी पाटी. ह्या दोन कोंबड्या, ह्यांचे पाय बांधल्यात. हे आज रातीचं कोकरू, त्याला चालता येत न्हाय. सगळ्यांत वर, बोचक्यांच्या मधोमध, एक गोल त्यानं तसाच कोरा सोडला होता. मी विचारलं, "आणि इथं?"

"तितं काय न्हाय बाई. ती जागा हाय. बारकी भन चालून दमली की तितं बसती."

घोड्याचं शेपूट कागदाच्या बाहेर चाललं होतं. मी खळीची वाटी त्याच्याकडे सरकवली आणि जोडायला दुसरा कागद दिला.